शेजारधर्माची नोंदवही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या जुन्या पेठांतून मारबतींची मिरवणूक निघते. इतवारीची काळी मारबत १८८१ पासून आणि जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासून काढली जाते, आणि त्या अजस्र पुतळ्यांच्या मागून चालणारा समुदाय रोगराईला, इडापिडेला आणि त्या त्या वर्षी जे काही असह्य झाले असेल त्या सर्वाला उद्देशून ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी ठोकत त्यांना वेशीबाहेर नेऊन अग्नीच्या स्वाधीन करतो. २०२० च्या ऑगस्टात मात्र ही मिरवणूक नेहमीच्या थाटात निघू शकली नाही. रोगराई वाहून नेण्यासाठी जिची योजना, ती मारबतच रोगराईच्या भयाने पेठेत अडकून पडावी, हा प्रसंग एखाद्या विनोदी लेखकाला सुचला असता तर आपण त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

साथीच्या काळी मनुष्यसमाजाची पहिली प्रवृत्ती हद्दपारीचीच असते. रोग परक्याने आणला, अमक्या मोहल्ल्याने आणला, तमक्या मेळाव्याने आणला, असे एकदा ठरले की मनाला स्वास्थ्य लाभते आणि फाटकाला कुलूप घालण्यास नैतिक अधिष्ठानही मिळते. परंतु ज्या घराला कुलूप घातले त्या घरातही सकाळी दूध लागते, म्हाताऱ्याची रक्तदाबाची गोळी संपते आणि गॅसची टाकी नेमकी त्याच आठवड्यात रिकामी होते. या क्षुल्लक वाटणाऱ्या गरजा कोणी, कशा आणि कोणाच्या सांगण्यावरून भागविल्या, याचा वृत्तांत सरकारी अहवालांत फारसा सापडत नाही. आणि प्रस्तुत लेखकाला तर साथीच्या इतिहासातील तोच भाग सर्वांत मनोवेधक वाटतो.

परस्परसाहाय्य ही आपल्याकडे नवी कल्पना नव्हे. एका शेतकऱ्याच्या रानात दहा जणांनी आपापली औते घेऊन यावे, दिवसभरात नांगरट उरकावी आणि यजमानाने सर्वांना जेवू घालावे, या प्रघाताला मराठी मुलखात ‘इर्जिक’ म्हणतात. आज मी तुझ्या शेतात राबलो, उद्या तू माझ्या शेतात राब, या व्यवहाराचे नाव ‘सावड’. या दोन्ही शब्दांत परतफेडीची खात्री गृहीत धरलेली आहे, आणि ती कागदावर नसली तरी प्रत्येकाच्या मनात तिचा हिशेब पक्का असतो. शेजारात कोणी वारले म्हणजे त्या घरी चूल पेटत नाही, आणि आजूबाजूच्या घरांतून पिठले-भाकरीचा कडू घास जातो. तेथेही आज ना उद्या आपल्या दारी हाच प्रसंग येणार, याची मूक जाणीव असते. साथ या साऱ्या व्यवस्थेच्या मुळावरच घाव घालते. शेजारधर्माची आजवरची सर्व साधने, म्हणजे उंबरठा ओलांडणे, खांद्यावर हात ठेवणे, एका ताटात जेवणे आणि मयताला खांदा देणे, ही संसर्गाचीही साधने ठरतात, आणि ज्याला मदत करावयाची त्याच्यापासून दूर राहणे हाच मदतीचा पहिला नियम होऊन बसतो.

हा पेच जुना आहे. १८९६-९७ साली मुंबई-पुण्यात गाठीच्या तापाने थैमान घातले तेव्हा सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग प्रतिबंधक कायदा संमत केला, गोऱ्या शिपायांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या, आणि त्यातून उसळलेल्या क्षोभाची परिणती प्लेग अधिकारी रँडच्या वधात झाली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याच वर्षी हडपसरनजीक आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी एका रोगी मुलाला उचलून दवाखान्यात आणले, त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. एकाच रोगाशी, एकाच परगण्यात, एकाच वर्षी झडती आणि शुश्रूषा अशा दोन रीतींनी मुकाबला झाला, आणि पैकी कायद्याची रीत सव्वाशे वर्षे टिकली. २०२० च्या मार्चमध्ये नागपूरसह महाराष्ट्रातील काही शहरांत तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू करण्यात आला.

प्लेग नागपुरातही पोहोचला. पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना करणाऱ्या केशव बळीराम हेडगेवारांचे माता-पिता १९०२ च्या प्लेगात दगावले, तेव्हा ते किशोरवयीन होते. योगायोग असा की, रशियन विचारवंत क्रोपोट्किन याचा परस्परसाहाय्यावरील सुप्रसिद्ध ग्रंथ त्याच १९०२ साली प्रसिद्ध झाला. प्राणिसृष्टीत स्पर्धेइतकेच सहकार्यही टिकून राहण्यास कारणीभूत होते, हा त्यातील सिद्धान्त त्या काळी नागपूरच्या महाल भागात कोणी वाचला असेल असे वाटत नाही. पण त्याची परीक्षा तेथे घरोघर चालू होती.

पुढे १९१८ साली पावसाने दगा दिला आणि त्याच शरदात ‘मानमोडी’ आली. जगाने जिला इन्फ्लुएन्झा म्हटले त्या साथीत हिंदुस्थानात दगावलेल्यांचे अंदाज सव्वा कोटीपासून पुढे जातात, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा सर्वाधिक झळ पोहोचलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, डिसेंबर १९२० मध्ये, नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. चौदा हजारांवर प्रतिनिधींच्या निवासाची, भोजनाची आणि स्वच्छतेची व्यवस्था शहरातील स्वयंसेवकांनी सांभाळली, आणि त्या पथकाच्या उभारणीत डॉ. ल. वा. परांजपे व डॉ. हेडगेवार होते. (नागपुरात ‘स्वयंसेवक’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट गणवेश उभा राहतो, हे मी जाणून आहे, तथापि या लेखात तो शब्द त्याच्या मूळच्या, विनावेतन काम करणारा मनुष्य, एवढ्याच अर्थाने वाचावा.) आणि १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या सहकार्याने मातृसेवा संघाचे सूतिकागृह सुरू केले. स्वतः बालविधवा, शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली एक तरुण स्त्री, ज्या काळी घरंदाज बाईने परक्याच्या बाळंतपणाला हात लावणे कमीपणाचे मानीत त्या काळी हे काम अंगावर घेते, आणि तिची संस्था शतक ओलांडून उभी राहते, ही गोष्ट मला अधिवेशनाइतकीच मोठी वाटते. मेळाव्याची व्यवस्था चार दिवसांत आटोपते. बाळंतिणीची व्यवस्था रोज रात्री नव्याने करावी लागते.

आता अलीकडच्या साथीकडे येऊ. नागपुरातील पहिला कोरोनाबाधित ११ मार्च २०२० रोजी आढळला, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, आणि एप्रिलात सतरंजीपुरा व मोमिनपुरा या दाट वस्तीच्या भागांभोवती कठडे उभे राहिले. सतरंजीपुऱ्यातील शेकडो कुटुंबे विलगीकरणासाठी हलविण्यात आली. आमदार निवासाच्या खोल्या, जेथे एरवी अधिवेशनकाळी विधिमंडळाच्या सदस्यांचा मुक्काम असतो, तेथे आता या वस्तीतले आजोबा आणि नातवंडे चौदा दिवसांची मुदत मोजीत बसली. ज्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तेथे ‘अंतर राखा’ या आदेशाचा अर्थ काय करावयाचा, हे आदेश काढणाऱ्याने सांगितले नव्हते. तो अर्थ गल्लीतल्या पोरांनीच लावला. कठड्यापर्यंत आलेले दूध, भाजी आणि औषध आतल्या घरांपर्यंत पोहोचविणारी ती पोरेच होती, आणि कोणत्या घरी साखरेचा रोगी आहे हे त्यांना विचारावे लागत नव्हते.

येथेच या विषयाची खरी गोम आहे. मदत ही ओळखीच्या वाटेने जाते. करुणा पुष्कळांच्या ठायी असते, धान्यही असते, पण कोणत्या दारी काय उणे आहे ही माहिती ज्याच्यापाशी असेल त्याच्याच हातून करुणेचे रूपांतर शिध्यात होते. आमच्या गल्लीत ही माहिती जमविण्याचे काम एका निवृत्त पटवाऱ्यांनी केले. टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी त्यांनी मुलांच्या जुन्या वहीत सातबाऱ्याच्या धर्तीवर रकाने आखले : घर क्रमांक, माणसे किती, साठीच्या वरचे किती, रोजच्या गोळ्या कोणत्या, गॅसची टाकी केव्हा लावली, निरोप कोणाकडे द्यावयाचा, आणि शेवटी अर्थातच ‘शेरा’. आम्ही चार-पाच जण त्या वहीची थट्टा करीत होतो. “काका, फेरफार केव्हा नोंदवणार?” असे मीच विचारल्याचे स्मरते. “रोज संध्याकाळी,” ते गंभीरपणे म्हणाले, “अन् माणूस घरात असून नोंद नसली, तर तो सरकारदरबारी काय अन् आपल्यापाशी काय, नाहीच समजायचा.”

त्यांच्या बोलण्याचा प्रत्यय पंधरवड्यात आला. गल्लीच्या टोकाला एका अर्धवट बांधलेल्या घराच्या मागे छिंदवाड्याकडचे एक मजूर कुटुंब राहत होते. ते मालकाच्या लेखी चौकीदार, ठेकेदाराच्या लेखी गवंड्याच्या हाताखालचे आणि गल्लीच्या लेखी कोणीच नव्हते. त्यांचा शिधापत्रिकेचा पत्ता गावाकडचा, मतदारयादीतले नाव गावाकडचे, आणि आमच्या वहीत तर ते घर ‘रिकामे बांधकाम’ म्हणून नोंदलेले. पाचव्या घरच्या काकूंनी संध्याकाळी तेथे धूर पाहिला म्हणून छडा लागला. नाहीतर आम्ही आमच्या सत्कृत्याचे समाधान उपभोगीत राहिलो असतो आणि शंभर पावलांवर एक चूल दिवसाआड पेटत राहिली असती. पटवारीकाकांनी त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिले ते मी पाहिले नाही, मात्र दुसऱ्या दिवशी ते स्वतः गल्लीभर फिरून प्रत्येक मागचे दार ठोठावून आले.

ज्यांची कोठेच नोंद नव्हती अशांचा तर त्या वैशाखात महामार्गांवर ओघच लागला होता. काश्मीर ते कन्याकुमारी जाणारा ४४ क्रमांकाचा आणि पूर्व-पश्चिम धावणारा ५३ क्रमांकाचा, हे दोन राष्ट्रीय महामार्ग नागपुरास एकमेकांना छेदतात; त्यामुळे हैदराबादेहून उत्तरेकडे आणि मुंबई-पुण्याहून छत्तीसगड-ओडिशाकडे पायी निघालेल्या मजुरांपैकी अनेकांना हे शहर ओलांडावेच लागले. पारा पंचेचाळीस अंशांवर, डांबर पायाला चिकटते, आणि डोक्यावर संसाराचे गाठोडे. शहराच्या वेशीवरील नाक्यांवर नागरिकांनी मांडव घातले, भात-भाजीची पाकिटे आणि पाणी ठेवले, आणि दोन दिवसांतच त्यांच्या ध्यानी आले की भुकेइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, पायताणांची निकड आहे. मग चपलांची पोती आली. हे कोणत्याही शासकीय परिपत्रकात नव्हते. पायांकडे पाहणाऱ्यालाच ते सुचू शकत होते.

अन्नदानाचे हे कसब नागपूरकरांनी एका रात्रीत कमावले असे मात्र समजू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात, आणि त्यांच्यासाठी रस्तोरस्ती भोजनदानाचे मांडव पडतात. कोठे भात, कोठे पुरी-भाजी, कोठे नुसते थंड पाणी. ताजबागेच्या उरुसात लंगर चालतो, रामनवमीच्या शोभायात्रेच्या वाटेवर सरबताची पिंपे मांडली जातात, आणि उन्हाळा लागला की चौकाचौकांत लाल कापडात गुंडाळलेल्या रांजणांच्या पाणपोया उभ्या राहतात. हजार माणसांच्या भाताला तांदूळ किती, कढई कोणाकडून आणावयाची, रांग कोठून वळवावयाची, पत्रावळी कोणी उचलावयाच्या, याचे शिक्षण या शहरातील प्रत्येक पंथाच्या आणि पक्षाच्या तरुणांना सणावारी मिळालेले असते. २०२० साली दीक्षाभूमीवरील सोहळा झाला नाही, परंतु त्या सोहळ्याने साठ-चौसष्ट वर्षे घडविलेले हात बेकार बसले नाहीत. रेशीमबागेतले संघाचे स्वयंसेवक, गुरुद्वारांतले सेवादार, मशिदींच्या कमिट्या आणि बुद्धविहारांतली तरुण मंडळी त्या काळात एकमेकांपासून चार गल्ल्यांच्या अंतरावर एकाच प्रकारचे काम करीत होती. त्यांनी परस्परांशी बोलून वाटणी करून घेतली असती, तर काही वस्त्यांत दोनदा आणि काहींत एकदाही न पोहोचलेली पाकिटे थोडी समान पडली असती, हेही नमूद करणे भाग आहे.

पहिल्या लाटेत प्रश्न शिध्याचा होता. दुसरीत तो श्वासाचा झाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपूर जिल्ह्यात दिवसाकाठी सात हजारांवर नवे रुग्ण आढळू लागले. मेडिकल आणि मेयो या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात रुग्णवाहिकांची रांग लागली, आणि स्वयंसेवकाचे काम पिशवी पोहोचविण्याऐवजी फोन लावण्याचे होऊन बसले. बोटाला लावावयाच्या चिमटीवजा यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ९४ च्या खाली आले तर थांबू नये. ते त्याहून वर असेल तर सहा मिनिटे चालून पुन्हा मोजावे. पालथे निजल्याने फुप्फुसांच्या मागील भागात हवा खेळते, हे ज्ञान शिवणकाम करणाऱ्या बाईपासून पानठेलेवाल्यापर्यंत सर्वांना झाले. त्याचबरोबर एक अंकगणितही शिकावे लागले. मोठ्या सिलिंडरात साधारण सात हजार लिटर वायू असतो. रोग्याला मिनिटाला पाच लिटर लागत असेल तर तो तेवीस तास पुरतो, आणि दहा लिटर लागू लागला तर बारा तासही नाही. म्हणजे रात्री दहाला आणलेला सिलिंडर सकाळी साडेनऊला संपणार, आणि भरून देणाऱ्याकडे रांग पहाटे चारला लागणार. हवेतूनच प्राणवायू वेगळा काढणारी यंत्रे काही संस्थांनी अनामत ठेवून फिरती दिली. पण त्यांना अखंड वीज लागते.

शहराचा बराचसा द्रवरूप प्राणवायू भिलाईकडून येई. २३ एप्रिल रोजी विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातून टँकर घेऊन निघालेली पहिली प्राणवायू रेल्वे नागपुरास पोहोचली, तिने तीन टँकर येथे उतरविले आणि उरलेले चार घेऊन ती नाशिकला गेली. त्याच सुमारास, म्हणजे रमजानच्या महिन्यात, नागपुरातील वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी दूरदूरच्या शहरांतून टँकर भाड्याने मिळवून रुग्णालयांना प्राणवायू पुरविला. त्यासाठी सुमारे ८५ लाख रुपये खर्चूनही त्यांनी सरकारकडे बिल लावले नाही आणि ती आपली जकात समजावी असे सांगितल्याचे वृत्तपत्रांनी छापले होते. एके काळी ऑटोरिक्षा चालविणाऱ्या माणसाला या शहराची निकड रस्त्यांच्या आणि गाड्यांच्या भाषेत समजली, यात नवल नाही. प्रत्येक जण आपल्या धंद्याच्या ज्ञानानेच उपयोगी पडतो : पटवारी वहीने, वाहतूकदार टँकरने, आणि केवळ उत्साह घेऊन येणारा पुष्कळदा गर्दीत भर घालून जातो.

स्मशानांविषयी थोडक्यातच लिहितो. घाटांवर लाकूड कमी पडू लागले तेव्हा शेतातील काडीकचरा दाबून केलेली ‘मोक्षकाष्ठे’, ज्यांचा वापर या शहरात साथीच्या आधीच रुजविला गेला होता, उपयोगी आली. ज्यांचे नातलग विलगीकरणात होते त्यांना अग्नी देणारे हात अनेकदा परक्यांचे होते, आणि त्या परक्यांपैकी कित्येकांनी मृताचा धर्म विचारला तो केवळ विधी चुकू नये म्हणून.

या साऱ्या कौतुकाला एक काळी बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणारा लेख मला लिहावयाचा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्थानिक स्वयंसेवक अशा पथकाने दिवसाला पन्नास घरे तपासावयाची, असा तिचा बेत होता. बेत उत्तम, नाव मात्र विचार करावयास लावणारे. कारण जबाबदारी कुटुंबाची ठरली की दवाखान्यातील खाटांविषयी कोणास विचारावयाचे, हा प्रश्न आपोआप निकालात निघतो. जी आशाताई हे काम उन्हातान्हात दारोदार करीत होती तिला शासन ‘स्वयंसेविका’ म्हणते, आणि स्वयंसेविका म्हटले की वेतनाऐवजी मानधन देता येते. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे सत्तर हजार आशांनी संप पुकारला, तेव्हा कोठे त्या मानधनात हजार-दीड हजारांची भर पडली. टाळ्या आणि थाळ्या तिच्याही वाट्याला आल्या होत्या. त्यांत किराणा येत नाही. याच हिशेबाने, शिध्याची पिशवी घेणाऱ्याचे छायाचित्र काढून मिरविणाऱ्यांचाही उल्लेख करावयास हवा. आमच्या पटवारीकाकांनी वहीच्या मुखपृष्ठावर पहिल्याच दिवशी ‘खासगी’ असा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या, त्याचे महत्त्व मला फार उशिरा कळले.

शेजाऱ्याची अशी ओळख केवळ साथीतच उपयोगी पडते असे नाही. १९९५ च्या जुलैत अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेची लाट येऊन नेहमीपेक्षा सुमारे ७३९ माणसे अधिक मेली. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे तपास केला तेव्हा शेजारीशेजारी असलेल्या, दारिद्र्याने जवळपास सारख्याच दोन वस्त्यांतील मृत्यूंत फार मोठा फरक त्याला आढळला : एकीत दुकाने चालू, पदपथावर वर्दळ आणि म्हाताऱ्यांना बाहेर पडण्याची सवय होती, दुसरीत ओस पडलेले भूखंड आणि आतून बंद केलेली दारे. नागपुरात मे महिन्यात दुपारी बारानंतर साऱ्याच वस्त्या आतून बंद असतात. २०१६ पासून शहराला उष्माघात प्रतिबंधाचा कृतिआराखडा आहे. परंतु कूलरमधले पाणी संपून दोन दिवस झाले तरी उठून ते भरण्याचे बळ नसलेली एकटी आजी कोणत्या घरात राहते, हे आराखड्याला ठाऊक असण्याची शक्यता नाही.

आमच्या गल्लीतील ती वही आता गणेशमंडळाच्या कपाटात आहे. साथ ओसरल्यावर तिची अर्धी पाने कोरी होती, आणि कागद वाया जाऊ देणे पटवारीकाकांच्या पिढीला जमत नसल्यामुळे २०२२ सालच्या वर्गणीची यादी त्याच रकान्यांत उतरविली गेली. साठीच्या वरच्यांच्या रकान्यात आता रक्कम लिहिलेली आहे. मागील पानांवरच्या सात नावांपुढे रेघ आहे. ‘रिकामे बांधकाम’ हे शब्द खोडून तेथे एक आडनाव आणि पाच माणसे असे लिहिले होते. ते कुटुंब दुसऱ्या वर्षी पुन्हा कामाला आले, आणि वर्गणीच्या यादीत त्याच्यापुढे एक्कावन्न रुपये जमा आहेत.